एका दोऱ्याची वेल

जवळा बाजारच्या रस्त्यावर, खत-बियाण्याच्या दुकानाला लागून, शितलचे भरतकामाचे दुकान आहे. आत एक संगणक, त्याला जोडलेले भरतकामाचे यंत्र, भिंतभर रंगीत रिळे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एक बाकडे, एवढाच पसारा. शाळेच्या गणवेशावरची नावे, नवरीच्या ब्लाऊजवरचे मोर, भजनी मंडळाच्या पताका, जे येईल ते शितल संगणकावर रेखाटते आणि यंत्र ते कापडावर उतरवते. सोयाबीनच्या राशी आटोपल्यानंतर एका सकाळी या दुकानात जे घडले, ते तिच्या आजोबांनी, वसराम यांनी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. उभा जन्म यंत्रांच्या संगतीत काढलेल्या या माणसाला कुठल्याही यंत्राने त्या दिवसाइतके थक्क केले नव्हते.

वसराम हे तांड्यावरून तंत्रनिकेतनात शिकायला गेलेल्या पहिल्या मुलांपैकी एक. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन ते पाटबंधारे खात्यात लागले आणि धरणाच्या दरवाज्यांची देखभाल करता करताच निवृत्त झाले. त्यांचा एक नियम होता. "एका टायमाला एकच नट ढिला करायचा. दोन केले, की बिघाड कुठं होता ते देवालाबी कळत न्हाई." हा नियम ते पाण्याची मोटार, पिठाची गिरणी आणि भांडणारे नातेवाईक या तिघांनाही सारखाच लावत.

त्यांच्या पत्नीचे, भिकाबाईंचे, कौशल्य मात्र कुठल्या नियमात बसणारे नव्हते. तांड्यावर सुई धरणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. पण भिकाबाई भरायला बसल्या, की शेजारणी आपले काम मांडीवर ठेवून त्यांच्या बोटांकडे पाहत राहत. लग्न होऊन आल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात वसराम यांनीही ती बोटे अशीच पाहिली होती, आणि ज्या सफाईने सुई कापडात जाते त्या सफाईने आपण कधी करवत चालवू शकणार नाही, हे मनोमन मान्य करून टाकले होते.

आता त्या उजव्या हाताला कंप सुटला होता. चहाची बशी ओठांपर्यंत जाताना वाजू लागली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की गोळ्यांनी थोडा आवरेल, पण जाणार नाही. पुढे वाढत मात्र जाईल. भिकाबाईंनी ते ऐकून घेतले आणि घरी आल्यावर सुयांची डबी फडताळात वर ठेवून दिली. वाटेवर मात्र एकच वाक्य बोलल्या होत्या, "मंग याडीची वेल राहिली म्हणायची."

याडी म्हणजे आई. त्यांच्या आईच्या घराण्यात एक वेल होती. ती आईने मुलीच्या ओढणीच्या काठावर भरायची, दुसऱ्या कुणी नाही, दुसऱ्या कुणासाठी नाही. तिचे वैशिष्ट्य असे, की ती एकाच दोऱ्याची. दोरा पहिल्या टाक्यापासून निघायचा, काठभर फिरायचा आणि मध्ये कुठेही न तुटता परत पहिल्या टाक्यालाच येऊन मिळायचा. एक टाका जरी इकडचा तिकडे झाला, तरी शेवट मिळत नसे. भिकाबाईंना दोन्ही मुलगेच झाले. सुना आल्या त्या आपापल्या आईच्या वेली घेऊन आल्या. "नात होईल तिला भरून देईन" असे म्हणता म्हणता शितल मोठी झाली, दुकान थाटून बसली आणि हात निघून गेला. आईने भरलेली मूळ ओढणी अंगावर झिजून गेली होती. तिचा तळहाताएवढा एक कोपरा तेवढा उरला होता, आणि त्यातले आरसेसुद्धा निखळलेले होते. तो शितलने दुकानात जपून ठेवला होता. कोपऱ्यावरून वेलीचे रूप कळत होते, चाल कळत नव्हती.

तोंडाने सांग म्हटले, तर भिकाबाईंना सांगता येत नसे. लहानपणी मांडीवर बसवून, हातावर हात ठेवून दिलेली ती विद्या. तिला शब्द असे कधी नव्हतेच. कागदावर काढून द्यायचाही प्रयत्न झाला. पेन्सिलीने कागदभर काट्याकुट्या उमटल्या. तेव्हापासून घरात कुणी वेलीचा विषय काढत नसे.

त्या सकाळी दोघे बाजाराला म्हणून आले होते आणि नेहमीप्रमाणे नातीच्या दुकानात टेकले होते. शितलचा जुना माऊस बंद पडल्यामुळे तिने हिंगोलीहून नवा आणला होता. दुकानदाराकडे साधा संपला होता. "गेमिंग का है दीदी, सबसे सस्ता. चलेगा भी, चमकेगा भी," असे म्हणून त्याने हा पुढे केला होता. बोलण्याप्रमाणे तो चमकत मात्र होता. पोटातून लाल, हिरवा, निळा उजेड गरगर फिरत होता.

"हे काहून पेटून राहिलं?" भिकाबाईंनी बाकड्यावरून विचारले. घरात ही मंडळी तांड्याच्या बोलीत बोलत. बाजारात आली, की मराठीत.

"पेटलं न्हाई दादी, शोभेचे दिवे हायेत. पोरं ह्यावर बंदुकीचे खेळ खेळतात."

"मंग तू काहून आणलं? तुला कुणाला मारायचं हाय?"

"काल कापड टाकून आज ब्लाऊज मागणारीला," शितल म्हणाली. "दिवसभर डोळ्यापुढं नाचून राहिलेत हे दिवे. बंद करायचे, तर म्हणे आधी ह्याचं सॉफ्टवेअर टाका."

खोक्यावर छापलेल्या पत्त्यावरून तिने ते उतरवून घेतले. शितलची सवय "होय, होय, पुढे" अशी बटणे दाबत जाण्याची. वसराम खुर्ची ओढून शेजारी बसले.

"वाच, मंग दाब."

"बापू, हे कुणीच वाचत न्हाई."

"म्हणूनच दुनियेच्या मोटारी जळून राहिल्यात."

संगणकाने एकदा हरकत घेतली, ही वस्तू अनोळखी आहे असे बजावले, मग मान्य केले. पडद्यावर एक काळी चौकट उघडली. मागे पंखांचा अजगर आग ओकत होता आणि पुढे इंग्रजी अशी होती, की लिहिणाऱ्याला स्वतःलाच ती परकी असावी. पण वसराम यांची नजर अजगरावर नव्हती. चौकटीत एकाखाली एक सरकपट्ट्या होत्या, खुंट्या होत्या, खुणा करायच्या जागा होत्या. एवढ्याशा मुठीतल्या वस्तूला इतके समायोजन! धरणाच्या नियंत्रण कक्षातसुद्धा एका दरवाज्याला इतक्या खुंट्या नव्हत्या. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"ही पट्टी कशाची?"

"हिला डीपीआय म्हणतात. हात इंचभर सरकला, तर पडद्यावरचा बाण किती ठिपके सरकवायचा, तो आकडा."

"म्हणजे ते आपल्या हातात हाय?"

"हाय की."

वसराम यांनी मान वळवून बाकड्याकडे पाहिले. भिकाबाई उजवा हात डाव्या हाताने धरून रस्त्यावरची गर्दी न्याहाळत होत्या.

"शितल," ते हळूच म्हणाले, "तुझ्या दादीचा हात ह्यावर ठेवून बघू."

शितलने एकदा आजोबांकडे आणि एकदा माऊसकडे पाहिले. तिला सांगावे लागले नाही.

भिकाबाईंना मात्र पुष्कळ सांगावे लागले. "सुई धरवत न्हाई अन् हा दगड धरू?" अशी सुरुवात झाली. शेवटी नातीने खुर्ची रिकामी करून दिली म्हणून त्या उठल्या. टेबलावर काच होती. काचेवर माऊस ठेवताच बाण जागच्या जागी उड्या मारू लागला. भिकाबाईंनी ते पाहिले, नाक मुरडले आणि कापडाच्या ढिगातून मांजरपाटाचा एक तुकडा ओढून काचेवर अंथरला. तळव्याने त्याच्या सुरकुत्या काढल्या.

"काचेवर कुणी भरतं का?"

बाण शांत झाला. वसराम यांनी हे मनात नोंदवले. पण त्याचा अर्थ त्यांना अजून उमगायचा होता. त्यांचा हिशेब वेगळाच चालला होता. मोजपट्टीवर रेघा जितक्या दाट, तितके माप बारीक; तेव्हा आकडा जितका मोठा, तितकी रेष नाजूक येणार. हे गणित त्यांना इतके सरळ वाटले, की त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टी वरच्या टोकापर्यंत नेली.

"काढ आता."

भिकाबाईंनी माऊसवर हात ठेवला आणि पडद्यावर वावटळ उठली. बाण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात भिरकावला जात होता. हाताचा कंप तांदळाच्या दाण्याएवढा असेल; पडद्यावर तो हातभर झाला होता. रेषांवर रेषा चढल्या, पांढरी जागा काळी होत गेली.

शेजारची बांगड्यांच्या दुकानातली केशरबाई नेमकी तेव्हाच आपला ब्लाऊज न्यायला दारात येऊन उभी राहिली. "अगं बाई, भिकामावशी! रांगोळी काढून राहिल्या का भूत उतरवून राहिल्या?"

ती सहज बोलून गेली. पण भिकाबाईंनी हात झटकन उचलला आणि पदराखाली घेतला.

"माझा हात एवढा वाईट हाय?" त्यांनी विचारले. त्या उठल्या आणि दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या. "सोडा आता. माझ्यासंग आली व्हती, माझ्यासंग जाईल. मिळली न्हाई ती वेल कुणाचीच न्हाई, असं याडी म्हणायची."

केशरबाईचे हसू विरले. "म्या आपली गंमत केली, मावशी," असे म्हणत तीही पायरीवर त्यांच्या शेजारी टेकली आणि ब्लाऊजचे नाव काढायचे विसरून गेली.

आत शितलने दुसरी वाट शोधली होती. "बापू, ह्यात रेष आपोआप सरळ करायची सोय हाय. ही खूण केली, की वाकडी रेष सरळ व्हते." तिने खूण केली, मुद्दाम हात थरथरवत माऊस सरकवला, आणि खरोखरच पडद्यावर पट्टीने आखावी तशी रेष आली. वसराम खूश होऊन दाराकडे वळले. "हे बघ तरी!"

भिकाबाईंनी पायरीवरूनच मान वळवली, क्षणभर पाहिले आणि परत रस्त्याकडे तोंड केले.

"ती कुंपणाची तार हाय. वेल वळते."

वसराम यांनी निमूटपणे ती खूण काढून टाकायला लावली. यंत्राने माणसाचा दोष झाकावा ही एक गोष्ट. दोषाबरोबर त्याचे वळणही पुसून टाकावे ही दुसरी. त्यांनी खुर्चीला पाठ टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

मिटल्या डोळ्यांपुढे धरणाचा दरवाजा आला. वीज गेली, की तो हाताने उघडावा लागे. वर एक मोठे चाक होते. दोघे जण घाम गाळून ते फिरवीत, फिरवीत राहत, आणि खाली तो लोखंडी डोंगर बोटभर उचलला जाई. पावसाळ्यात, वाऱ्यात, भिजलेल्या अंगाने ते चाक धरताना वसराम यांचे हात कितीतरी वेळा लटपटले होते. पण दरवाजा कधी लटपटला नव्हता. मधल्या दातेरी चाकांच्या रांगेने हातांची सगळी थरथर गिळून टाकलेली असे. खाली पोचे ती केवळ चाल.

त्यांनी डोळे उघडले.

"उलटं केलं म्या," ते मोठ्याने म्हणाले. "शितल, आकडा खाली आण. आणखी खाली. टोकाला ने."

"बापू, मंग बाण गोगलगायीवानी चालंल."

"चालू दे. धरणाच्या दाराच्या चाकावानी, हात लई फिरला पाहिजे अन् बाण थोडा. थरथर तेवढीच राहते, पण चाल तिच्या कितीतरी पट मोठी व्हते. तिथं थरथर दिसायचीच न्हाई. अन् अजून एक सांग, हात जोरात हलला तर बाण आणखी जोरात पळवायची सोय हाय का ह्या संगणकात?"

शितलने शोधले. होती. संगणकाच्या आतच होती आणि चालूही होती. थरथर म्हणजे झटक्यांची हालचाल. त्यामुळे प्रत्येक झटक्याला संगणक आपल्या पदरचा जोर देत होता. तिने ती खूण काढून टाकली.

वसराम पायरीवर गेले. "एकदा बस."

"मी तुमच्या धरणाचं दार न्हाई."

"दारच हायेस. लाईट गेली की तुला हातानंच उघडावं लागतं."

केशरबाई खुदकन हसली. भिकाबाईंनी हसू ओठांत धरले, पण उठल्या.

या खेपेला माऊसवर हात ठेवल्यावर पडद्यावर काहीच झाले नाही. हात थरथरत होता. मांजरपाटावर माऊसचा हलका खुळखुळ आवाज येत होता. आणि पडद्यावरचा बाण तळ्यातल्या खडकासारखा निश्चल होता. भिकाबाईंनी हाताकडे पाहिले, मग बाणाकडे, मग पुन्हा हाताकडे. त्यांनी सावकाश माऊस पुढे नेला. पडद्यावर एक बारीक रेष निघाली, किंचित वळली आणि थांबली. तिच्यात एकही काटा नव्हता.

भिकाबाई पुढे झुकल्या आणि अगदी हळू आवाजात त्यांनी विचारले, "हा कुणाचा हात हाय?"

"तुझाच, दादी," शितल म्हणाली.

वसराम यांना त्या रेषेत लग्नानंतरचा पहिला उन्हाळा दिसला. ती बोटे गेलेली नव्हती. इतके दिवस ती त्या कंपाच्या आत, धान्य कोंड्यात असावे तशी, शाबूत होती. कुणी पाखडले नव्हते इतकेच.

पण वेल काढायची म्हटल्यावर नवीच अडचण उभी राहिली. भिकाबाई माऊस थोडा सरकवीत आणि लगेच उचलीत; चांगला खांद्यापर्यंत उचलीत. तार ताणली जाई, चहाचा पेला डगमगे, बाण भलत्याच जागी सरके.

"दादी, उचलू नको. टेबलावरच राहू दे."

"बरं."

पुढच्या वळणावर पुन्हा हात वर.

"दादी!"

"न्हाई उचलत गं, बाई. हात आपोआप चालला."

त्यांनी माऊस कापडाला दाबून धरला आणि ओढत नेला. एक पान आले. दुसरे अर्धे झाले. मग हात थांबला. त्यांनी मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली, पुन्हा त्याच अर्ध्या पानाशी येऊन थांबल्या.

"पुढं काय येतं, दादी?"

भिकाबाई पडद्याकडे पाहत राहिल्या.

"ठावं न्हाई."

हा शब्द मघाच्या वावटळीपेक्षा वाईट होता. हात थरथरतो हे सगळ्यांना माहीत होते. पण वेल आत शाबूत आहे, या भरवशावरच हा सारा खटाटोप चालला होता. शितलने तो तळहाताएवढा जुना कोपरा पुढे ठेवला. भिकाबाईंनी त्यावरून बोट फिरवले आणि मान हलवली. "रूप दिसून राहिलं. वाट दिसून न्हाई राहिली." त्यांनी माऊस सोडला आणि हात मांडीवर घेतला.

वसराम यांची नजर त्या मांडीवरच्या हाताकडे गेली. मालकिणीने वाट विसरली म्हणून सांगितले होते, पण हात बसून नव्हता. अंगठा आणि पहिले बोट रिकामेच जुळलेले होते. ती चिमूट किंचित पुढे जाई, मग हवेत वर उठे, दोरा ओढून घ्यावा तशी, आणि परत खाली येई. पुढे, वर, खाली. पुढे, वर, खाली.

सुई कापडात गेली, की दोरा ओढायला हात वर जातोच. गेली पन्नास-साठ वर्षे तो असाच गेला होता. वेलीची वाट टाक्यांत नव्हती. टाका आणि ओढ या दोन्हींच्या तालात होती. त्यातली ओढ काढून घेतली, म्हणून वाट तुटली.

"शितल, तिला उचलू दे."

"अहो बापू, उचलला की बाण हलतो."

"काहून हलतो? मघा काचेवर त्याला दिसत नव्हतं, कापडावर दिसलं. वर उचलल्यावरबी त्याला खालचं कापड दिसतं म्हणून. किती उंचीवर त्याची नजर बंद पडावी, ते ठरवायची काही सोय हाय का बघ."

तिने एकेक पान उलटले. अजगराच्या शेपटीजवळ, सगळ्यात खाली, दोनच पर्याय असलेली एक बारीक ओळ होती. माऊस उचलल्यावर वाचन कधी थांबवायचे: उंचावर की जवळच. तो उंचावर होता. शितलने जवळच केला. मग माऊस हातात घेऊन उचलला, हवेत हलवला. बाण जागचा हलला नाही. ठेवला, सरकवला, जिथे सोडला होता तिथूनच निघाला.

"आणि बापू," ती एकदम म्हणाली, "खेळणारी पोरंबी असंच करतात! आकडा कमी ठेवतात, उचलतात, मागं आणून परत ठेवतात. कमी आकड्याला उचलावंच लागतं, न्हाईतर टेबल संपतं. दादी पैल्यापासून बराबर करून राहिली व्हती, अन् मी तिला बोलून राहिले व्हते."

आणखी एकच नट उरला होता. रेष उमटण्यासाठी दाबायचे बटण पहिल्या बोटाखाली होते आणि ते बोट सर्वांत जास्त थरथरे. रेष मध्येच तुटे. या माऊसला अंगठ्याशी एक जास्तीचे बटण होते. सुईची मागची बाजू आयुष्यभर अंगठ्यानेच रेटलेली. वसराम यांनी दाबण्याचे काम त्या बटणाकडे द्यायला लावले. भिकाबाईंनी अंगठा ठेवला आणि मान डोलावली. जागा ओळखीची होती. नुसते सरकवले, की मोकळी जागा. अंगठा रेटून सरकवले, की टाका. तारेचा अडथळा त्यांनी स्वतःच दूर केला. दोरा खांद्यावरून मागे टाकावा तशी त्यांनी तार खांद्यावरून मागे टाकली.

मग त्या भरू लागल्या.

टाका, ओढ. मोकळी जागा, ओढ. टाका, ओढ. हात वर जाताना थरथरे, खाली येताना थरथरे, आणि पडद्यावर शांत, बारीक रेषा एकीपुढे एक मांडल्या जात. बाहेर टेम्पो गेला, कुणीतरी दुकानात डोकावून परत गेले, त्यांना त्याची खबर नव्हती. अर्ध्या पानाची जागा आली. हात न थांबता पार झाला. पुढे बोंड आले, उलटे पान आले, पाण्यासारखी एक लहर आली. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द नव्हते, नुसता श्वास होता.

वेल पडद्याच्या उजव्या टोकाला पोचली तेव्हा शितलच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. तिने आजोबांच्या बाहीला हात लावला. सगळी वेल तुटकी होती. प्रत्येक पान अर्धे होते, एक टाका आहे तर पुढची जागा रिकामी. जणू कुणी चांगल्या वेलीतले टाके एकाआड एक उसवून नेले होते. वसराम यांनी पडद्याकडे वाकून पाहिले. आठवले ते एवढेच असेल का? अर्धेच उरले असेल का?

भिकाबाई कोपऱ्यावर थांबल्या. त्यांनी हात उचलला, या खेपेला जरा जास्त वेळ वर धरला. मग तो उलट्या दिशेने खाली आला.

त्या परत निघाल्या होत्या. जाताना जी जागा मोकळी सोडली होती, तिच्यात येताना टाका पडत होता. अर्धे पान पुरे झाले. त्याच्या मागचे झाले. बोंड मिटले. लहर जुळली. दोन टाक्यांमधली प्रत्येक फट त्या न पाहता, न चाचपता भरीत येत होत्या आणि प्रत्येक टाका आपल्या जागी असा बसत होता, की त्याच्यासाठीच ती राखून ठेवली होती. होतीच राखून ठेवलेली. याडीच्या याडीने, आणि तिच्याही आधी कुणी. तांडे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख पालथा घालीत होते तेव्हा जी चाल कुठल्या तरी मुक्कामावर, कुठल्या तरी मांडीवर शिकवली गेली, ती आज जवळा बाजारात एका चमकत्या प्लास्टिकच्या डबीतून वाहत होती. वसराम यांनी धरणाचे पाणी सुटताना पुष्कळदा पाहिले होते आणि दरवेळी अंगावर काटा आला होता. आज तसाच काटा आला, आणि इथे तर पाण्याचा आवाजही नव्हता.

दारातली केशरबाई केव्हा आत येऊन उभी राहिली, ते कुणाला कळले नाही.

शेवटची फट राहिली. तिच्या पलीकडे पहिला टाका होता. भिकाबाईंचा हात थकला होता. कंप वाढला होता, खांद्यापर्यंत चढला होता. त्यांनी हात उचलला. खाली ठेवला. अंगठा रेटला. बाण निघाला, सावकाश, गोगलगायीच्या चालीने, आणि पहिल्या टाक्याला जाऊन टेकला.

"मिळली," भिकाबाई म्हणाल्या.

शितलने जुना कोपरा उचलून पडद्याला लावला. पानाला पान, वळणाला वळण. तिने घाईघाईने ते रेखाटन जतन केले आणि यंत्राला कापड लावायला उठू लागली, तोच भिकाबाईंनी तिचे मनगट धरले.

"यंत्राला मागून दे. ते कुठं जात न्हाई. आधी तू बस."

"मी?"

"यंत्राची याडी व्हायचं हाय का मला? ये इकडं. हात ठेव."

शितलने माऊसवर हात ठेवला. भिकाबाईंनी आपला हात तिच्या हातावर ठेवला. कंप वरच्या हातातून खालच्या हातात उतरला आणि दोन्ही हात एका तालात थरथरू लागले. पडद्यावर नवी, कोरी जागा होती. टाका. ओढ. मोकळी जागा. ओढ. रेष निघाली, शांत आणि वळणाची.

"बापू," शितल पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "ते दिवे बंद करायचे राहिले की."

वसराम यांनी पाहिले. दोन हातांच्या बोटांमधून लाल, हिरवा, निळा उजेड फिरत होता. ओढणीवर पूर्वी आरसे असत, तेव्हा कापडावर असाच उजेड नाचे.

"राहू दे," ते म्हणाले. "एका टायमाला एकच काम."